पदराखाली

हेमांगी शेडगेला धाकट्या भावाचा आवाज फोनवर ऐकू आला तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात आलं की हा घाबरलाय. आणि पाठोपाठ आलं, की हे बरं झालं.

"अक्का, इंद्रा बोलतोय."

आठ वर्षांत त्याने फोन केला नव्हता. आई गेल्याचा निरोपही चुलत्यांनी दिला होता, आणि दहाव्याला दोघं नदीच्या दोन काठांवर बसावं तसे बसले होते.

"बोल."

"केंद्रावर आज तूच आहेस ना?"

"मी आहे हे बघूनच फोन केलास ना?"

खिडकीबाहेर दहिवडीच्या पुढचा उघडा माळ सकाळच्या उन्हात तापायला लागला होता. अँटेनांच्या पांढऱ्या थाळ्यांच्या सावलीला मेंढरं येऊन बसली होती. आत, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, त्याच वेळी एक चुंबकीय वादळ पृथ्वीला सोलून काढत होतं.

पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्राचं एक अवाढव्य आवरण आहे. त्याच्या आतल्या भागात, पृथ्वीला लगटून, विजेने भारलेल्या अतिविरळ वायूचा म्हणजे प्लाझ्माचा एक थर असतो. तो थंड असतो, त्यातले कण सावकाश हिंडतात, आणि रवीबरोबर ताक फिरावं तसा तो पृथ्वीबरोबर फिरत राहतो. सूर्यावरून मोठा झोत येऊन आदळला की मात्र सगळं बिनसतं. या थंड थराचं वरचं साल निघतं आणि सूर्याकडे ओढलं जाऊन त्याचा लांबच लांब पट्टा होतो. केंद्रातली माणसं त्याला पदर म्हणत. त्याच सुमाराला रात्रीच्या बाजूने, पृथ्वीच्या पाठीमागून, तापलेल्या इलेक्ट्रॉनांचे लोट आत घुसतात. उपग्रह त्यांच्यात सापडला की त्याच्या अंगावर हजारो व्होल्टांचा भार साचतो आणि कुठेतरी ठिणगी पडते. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना तडतडतो ना, तसंच. फक्त इथे त्या एका तडतडीत यंत्राचा मेंदू जळतो.

दमट हवेत स्वेटर तडतडत नाही. थंड प्लाझ्माचंही तसंच आहे. तो उपग्रहाच्या अंगावरचा भार गुपचूप उतरवून नेतो. यावरूनच छत्रयानांची कल्पना निघाली. उपग्रहांच्या ओळीत ठिकठिकाणी एकेक यान ठेवलेलं. त्याच्या पोटात झेनॉन वायू. वादळ आलं की यानाने शेजारच्या उपग्रहाभोवती थंड प्लाझ्माचा ढग सोडायचा. वायू थोडा, उपग्रह पुष्कळ. कोणाला झाकायचं आणि कोणाला उघड्यावर ठेवायचं, हे माण तालुक्यातल्या या माळावरच्या छत्र केंद्रातून ठरे. त्या दिवशी ते हेमांगी ठरवत होती.

"आमचा तरंग-दोन रात्रीत शिरतोय," इंद्रजित म्हणाला. "आणि तुझ्या यानाने आपला ढग शेजारच्या हवामान उपग्रहाला दिलाय."

"त्याच्यावर बेटांवरच्या चक्रीवादळांचे इशारे अवलंबून आहेत. नियमाने त्याचाच हक्क पहिला."

"मान्य. पण राखीव वायू आहे. तो कोणाला द्यायचा हे ड्यूटीवरच्या शास्त्रज्ञाच्या हातात असतं. मी नियम वाचलेत."

"तू नियम वाचतोस हे ऐकून बरं वाटलं. बघते. थोड्या वेळाने कर."

तिने फोन ठेवला. शेजारच्या टेबलावर नीलोफर मुल्ला छत्रयानाचे आकडे बघत होती. तिने मान वर केली. "तरंगवाले?"

"हं."

"तुमचे बंधू ना ते?"

"होते," हेमांगी म्हणाली.

इंद्रजितचा तरंग-दोन दक्षिण अमेरिकेच्या अलीकडे, पॅसिफिक महासागरावर टांगलेला होता. इथे सकाळ होत होती तशी तिथे संध्याकाळ. दुपारी इथे भाकरी खायची वेळ होईल तेव्हा तिथे मध्यरात्र असणार होती, आणि तापलेल्या इलेक्ट्रॉनांचा मारा मध्यरात्रीच्या आसपासच सगळ्यांत जास्त. मागच्या वादळात तरंगचा एक सौरपंख भाजून निघाला होता. हा फटका त्याला झेपला नसता. तरंग गेला तर इंद्रजित ज्या कंपनीत वरच्या पदावर होता तीही गेली, कारण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

हे सगळं हेमांगीला तोंडपाठ होतं. आठ वर्षं तिने भावाच्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवला होता.

आठ वर्षांपूर्वी इंद्रजित या कंपनीत नव्हता. तो दुसऱ्या एका कंपनीत ग्राहकांचा व्यवहार बघायचा, आणि त्याला तिथे चिकटवलं होतं ते हेमांगीच्या नवऱ्यानेच. अरविंद तिथे उपग्रह नियंत्रणाचा पाळीप्रमुख होता. असंच एक वादळ आलं. अरविंदने इंद्रजितला फोन करून सांगितलं की उपग्रह झोपवतो, म्हणजे बाकी सगळं बंद करून सुरक्षित स्थितीत नेतो. इंद्रजित म्हणाला, दाजी, तासभर थांबा, मोठ्या ग्राहकाचं उद्घाटन चालू आहे, मध्येच पडदा काळा झाला तर माझं काही खरं नाही. मेहुण्याचा शब्द म्हणून अरविंद थांबला. त्या तासातच ठिणगी पडली आणि उपग्रह गेला.

चौकशीत इंद्रजित म्हणाला, मला फोन आलाच नाही. खाजगी फोनवरचं बोलणं, पुरावा कसला? मग तो पुढे म्हणाला की दाजींना पाळीत डुलकी लागायची सवय होती, घरचा माणूस म्हणून मी आजवर बोललो नाही. या दुसऱ्या वाक्याने अरविंदचं आयुष्य संपलं. झोपा काढणाऱ्या माणसाला कोण ठेवून घेणार? तो गावी आला आणि पंपांच्या मोटारी गुंडाळून देण्याचं दुकान टाकून बसला. गावाला कुठून तरी कळलंच. माणसं पाठीमागे त्याला झोपलेसाहेब म्हणायची. पुढे पुढे तोंडावरही. तो हसायचा. त्याचं ते हसणं हेमांगीला सोसायचं नाही. तिने तेव्हापासून भावावर डूख धरला होता.

तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा हात माऊसवर थबकला.

सूर्याकडून येणारा झोत पृथ्वीवर आदळण्याआधी वाटेतलं एक टेहळणी यान त्याचं मोजमाप पाठवतं. त्या झोतासोबत आलेलं चुंबकीय क्षेत्र इतका वेळ दक्षिणेकडे वळलेलं होतं. वादळाला जोर येतो तो त्यामुळे. आता ते उत्तरेकडे वळत होतं. एकदा हललं, मागे गेलं, आणि मग वळलं ते वळलंच.

केंद्राच्या मान्य गणितात याचा अर्थ एवढाच होता की वादळ हळूहळू ओसरेल. त्या गणितात पदर संध्याकाळच्या बाजूला जागच्या जागी राही, उपग्रह पृथ्वीबरोबर पुढे सरकून पदरातून बाहेर पडे आणि रात्रीच्या माऱ्यात सापडे. पण हेमांगी गेली चार वर्षं एक वेगळं गणित मांडत होती. ओढणारी शक्ती अशी एकदम सैल पडली तर पदर जागेवर राहत नाही. पृथ्वी त्याला पुन्हा आपल्याबरोबर ओढते. तो फिरू लागतो आणि तिच्या अंगाभोवती लपेटला जातो. मग त्यात असलेला उपग्रह आणि पदर, दोघंही पृथ्वीच्याच वेगाने फिरतात. उपग्रह रात्रीत जातो तो पदर अंगावर घेऊनच.

तिने आकडे घातले. तरंग-दोन पदराच्या अगदी मधोमध होता.

तिने पुन्हा घातले. जुन्या वादळांवर हे गणित तिने इतक्यांदा तपासलं होतं की शंकेला जागा नव्हती. तरंगला काही होणार नव्हतं. त्याला ना राखीव वायू लागणार होता, ना तिची कृपा. निसर्गानेच त्याला पदराखाली घेतलं होतं.

तिचा हात आपोआप फोनकडे गेला. केंद्राचा पहिला नियम हाच, की दिसेल ते सांगायचं. मित्र असो वा शत्रू. नंबर लावायच्या बेतात असताना तिला दुकानातला अरविंद दिसला. पाठमोरा, तांब्याची तार गुंडाळणारा, आणि उंबऱ्यावरून कोणीतरी विचारतंय, काय झोपलेसाहेब, झाली का मोटार?

तिने फोन पालथा ठेवला आणि आपल्या गणिताची खिडकी बंद केली.

इंद्रजितचा फोन पुन्हा आला तेव्हा त्याच्या आवाजातली औपचारिकता गेली होती. "अक्का, काय ठरवलंस? इथे सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत."

"राखीव वायू मी अजून कोणाला दिलेला नाही."

"मग दे ना. मी तुझ्या पाया पडतो."

"पाया पडू नकोस. एक काम कर. सभेवर ये."

सभा म्हणजे वादळाच्या काळात सगळ्या उपग्रहवाल्यांना जोडणारी सामायिक लाइन. मनिलापासून हैदराबादपर्यंत सगळे तिच्यावर कान लावून बसलेले असत, आणि तिथला शब्दन्‌ शब्द नोंदला जाई.

"सभेवर काय करू?"

"आठ वर्षांपूर्वीच्या त्या वादळात काय झालं ते सांग. अरविंदने फोन केला होता, आणि थांब म्हणून तू सांगितलंस, हे सांग. अरविंदला डुलकी लागायची हे तू रचलंस, तेही सांग."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, मग दार लोटल्याचा आवाज आला.

"अक्का, तू मला लुटतीयेस."

"हो."

"मी हे बोललो तर मला कंपनीत एक दिवस ठेवणार नाहीत."

"न बोललास तर कंपनी राहील का? तू आकडे जाणतोस."

"आणि बोललो तर वाचवशील? नक्की?"

हेमांगीने डोळे मिटले. "तुझा उपग्रह वाचेल, इंद्रा. शब्द देते."

शब्द खरा होता. यापेक्षा खरा शब्द तिने आयुष्यात कोणाला दिला नव्हता.

"बरं," तो म्हणाला.

"आणि इंग्रजीत बोल. सगळ्यांना कळू दे."

तो बोलला. सुरुवातीला अडखळला, मग त्याच्यातला सराईत माणूस जागा झाला आणि त्याने गोल गोल वाक्यं सुरू केली. काही गैरसमज झाला असावा, परिस्थितीचा दबाव होता वगैरे. हेमांगी सभेच्या लाइनवर एवढंच म्हणाली, "कृपया स्पष्ट सांगा. फोन आला होता की नव्हता?" मग मात्र त्याने सांगितलं. फोन आला होता. मी थांबायला सांगितलं. अरविंद शेडगे जागे होते, त्यांनी योग्य तेच सांगितलं होतं. मी चौकशीत खोटं बोललो.

मग मनिलाच्या बाईंनी आपल्या उपग्रहाचे आकडे वाचायला घेतले, कारण वादळ चालूच होतं.

नीलोफर हेमांगीकडे बघत होती. "राखीव वायू सोडू ना मॅडम, तरंगला?"

"नको."

"पण तुम्ही त्यांना..."

"लागणार नाही. बघत राहा."

दुपारी तरंग-दोन मध्यरात्रीच्या बाजूने पार झाला. पदराबाहेर, छत्रयानाच्या टप्प्यापलीकडे असलेले दोन उपग्रह भारले, एकाचा कॅमेरा गेला. तरंगच्या अंगावर भार साचलाच नाही. पदर त्याच्याबरोबर फिरत राहिला.

संध्याकाळी तिने दुकानात जाऊन अरविंदला ती नोंद ऐकवली. वाटेत तिला वाटलं होतं, तो रागावेल. म्हणेल, कशाला उकरून काढलंस, झालं गेलं गंगेला मिळालं. तो तसाच माणूस होता. त्याने हातातली तार खाली ठेवली, फडक्याला हात पुसले आणि मान खाली घालून ऐकलं.

"परत लाव," तो म्हणाला.

तिने परत लावलं. मग आणखी एकदा.

"इंग्रजीत बोलायला तू सांगितलंस?"

"हो. बाहेरच्या सगळ्यांना कळावं म्हणून."

"मराठीतही बोलायला लावायचं होतंस," अरविंद म्हणाला. "गावाला कळलं असतं."

तेव्हा हेमांगीला कळलं की या आठ वर्षांत डूख धरून ती एकटीच बसलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मोटार न्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अरविंदने ती नोंद ऐकवली, आणि एकेक वाक्य थांबवून मराठीत करून सांगितलं. कोणाला घाई असली तरी त्याने मोटार दिली नाही, पुरतं ऐकून घेतल्याशिवाय.

इंद्रजितला कंपनीने आठवडाभरात घरी पाठवलं. पण तोही इंजिनिअर होता. रिकामा बसल्यावर त्याने तरंगचे त्या दिवसाचे आकडे पुन्हा पाहिले असणार. भोवती थंड प्लाझ्मा भरपूर, तापलेले इलेक्ट्रॉन नाहीत, आणि छत्रयानाचा राखीव वायू जसाच्या तसा. त्याने दोन अधिक दोन केले आणि छत्र केंद्राच्या मंडळाकडे तक्रार केली, की उपग्रह सुरक्षित आहे हे माहीत असून शास्त्रज्ञाने ते लपवलं आणि धाक दाखवून आपल्याकडून कबुली उकळली.

मंडळाची बैठक पुण्यात होती. अध्यक्ष डॉक्टर सबनीस. हेमांगीचं काम त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही. त्यांनी नीलोफरला विचारून घेतलं. नीलोफर म्हणाली, मॅडम मला काहीच बोलल्या नव्हत्या. जे खरंच होतं.

मग सबनीस हेमांगीकडे वळले. टेबलाच्या पलीकडे इंद्रजित बसला होता. दाढी वाढलेली, कपडे मात्र इस्त्रीचे.

"शेडगेबाई, तुमची ही पद्धत अजून केंद्राने मान्य केलेली नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मान्य नसलेल्या पद्धतीवरून इशारे द्यायचे नाहीत, असाही आपला संकेत आहे. तेव्हा पदर फिरेल हा तुमचा एक अंदाज होता, असं मी धरून चालतो. शास्त्रज्ञाच्या मनात शंभर अंदाज असतात. ते सगळे कोणी बोलून दाखवत नाही." त्यांनी चष्मा काढला. "अंदाजच होता ना?"

वाट इतकी सोपी करून दिली होती की त्यावरून आंधळाही गेला असता. तिच्या डोक्यात काय होतं हे तपासायचं यंत्र अजून निघालं नव्हतं. एक "हो" म्हणायचं, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा माळावर. तिला ती खोली, तो पडदा, चार वर्षांचं ते गणित आठवलं. त्या कामाशिवाय आपण दिवसभर काय करणार, हेही क्षणभर डोळ्यांपुढे आलं.

तिने इंद्रजितकडे पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बसला होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. त्याच्या नजरेत आशा होती. ती कसली आशा आहे हे ओळखायला तिला वेळ लागला नाही; लहानपणापासून तिने त्याला ओळखलेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "अंदाज नव्हता. खात्री होती."

सबनीसांनी चष्मा पुन्हा घातला. "कधीपासून?"

"त्याने सभेवर तोंड उघडलं त्याच्या आधीपासून. मी त्याला सांगायला हवं होतं. फोन हातात घेतला होता, आणि जाणूनबुजून ठेवून दिला."

"तुम्ही काय म्हणताय ते तुमच्या लक्षात येतंय ना?"

"येतंय, सर."

तासाभरात निर्णय झाला. तिला पदावरून काढलं, वादळाच्या पाळीवर पुन्हा कधी बसायचं नाही असंही ठरलं. तिचं गणित मात्र केंद्राने ठेवून घेतलं. त्या वादळाने ते खरं करून दाखवलंच होतं, आणि पुढच्या वादळापासून ते वापरायचं असा ठराव त्याच बैठकीत, त्याच कागदावर झाला.

बाहेर जिन्यापाशी इंद्रजितने तिला गाठलं.

"सबनीस तुला सोडवत होते, अक्का. एवढंही कळलं नाही तुला?"

"कळलं."

"मग? अंदाज होता एवढंच म्हणायचं होतंस. मी पुढे ताणणार नव्हतो. माझं जायचं ते गेलंच आहे."

"तू मला सोडून देणार होतास म्हण की."

"हो. देणार होतो."

"आणि मग जन्मभर उशाला घेऊन झोपणार होतास, की अक्का तरी काय वेगळी, तिच्यावर वेळ आली तेव्हा तीही खोटंच बोलली." तिने पर्स खांद्यावर सारखी केली. "तेवढी उशीसुद्धा तुला मिळू द्यायची नव्हती मला."

ती कठड्याला धरून सावकाश जिना उतरली.

स्वारगेटला अरविंद दोन तिकिटं काढून उभा होता. तिला बघून त्याने आधी खिडकीजवळची जागा दिली, पाण्याची बाटली दिली. गाडी सुटल्यावर म्हणाला, "काय झालं?"

"घरी बसा म्हणाले."

अरविंदने मान हलवली. तिच्या कामाचं तिला काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला कळणार; त्याने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"आणि इंद्रा?" मग त्याने विचारलं. "तो काय म्हणाला? चेहरा कसा झाला होता?"

हेमांगीने सांगायला सुरुवात केली.

"असं नाही," अरविंद तिच्याकडे सरकून बसला. "पहिल्यापासून. नीट सांग."

गाडी घाट चढून वर येईपर्यंत ती सांगत होती.